मागं नेलेली तारीख

अंबाजोगाईहून सत्यभामाबाईंचा फोन आला तेव्हा शिवम्मा शेंगा फोडत बसली होती. पाच मिनिटांनी रिसीव्हर ठेवला तेव्हा तिचं तोंड खवट दाणा चावल्यासारखं झालं होतं.

बाई बोलल्या गोडच. कडू बोलायचं असलं तरी साखरेत घोळून द्यायची त्यांची पद्धत. "मावशी, आमच्या पोरानं, मन्मथनं, तुमची साइट बघितली बरं का. बंगळूरला हापिसात बसून बघितली. वडवणीची एक पोरगी काढली त्यानं. दसऱ्याला येतोय तर बघून घेऊ म्हणते. रविवारी त्यांना तसा फोन करते. तुमच्या भाच्याची ती मास्तरीण पोरगी आमच्या लई मनात होती, पण तिचं ठरलंय म्हणं. ठरलं तर ठरलं. चांगलंच झालं."

"कोण म्हणलं ठरलंय म्हणून?"

"तुमची साइटच म्हणती की मावशी. लाल अक्षरात."

शिवम्मानं "बघते" एवढंच म्हटलं. तिच्या आयुष्यात ती एवढं थोडं फार क्वचित बोलली असेल.

रुद्राणीचं ठरलेलं नव्हतं. ठरलं होतं ते मोडलं होतं, आणि मोडलेलं स्थळ शिवम्मानंच जमवलेलं होतं, हे तर त्याहून वाईट. माजलगावच्या लोकांनी साखरपुडा झाल्यावर दोन महिन्यांनी सांगितलं, पोरीनं शाळेतली नोकरी सोडावी. पोरगी म्हणाली, सोडणार नाही. बापाकडून निरोप पाठवला असता तर त्यातही काही सभ्यपणा होता; पण ही बया पोराच्या आईच्या तोंडावर म्हणाली. झालं, श्रावण संपायच्या आत साखरपुड्याची साडी परत गेली. तलवाड्याला भाऊबंद जमले, रुद्राणीचा बाप वैजिनाथ मान खाली घालून बसला, आणि तेव्हा शिवम्मा सगळ्यांदेखत बोलून गेली, "दसऱ्याच्या आत माझ्या हातून दुसरं स्थळ आणते. ह्याच्यापेक्षा सरस आणते." वैजिनाथ तिच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ राहिला नव्हता. शब्द तिनं दिला होता तो जणू भावाला दिला होता.

आणि ते सरस स्थळ आता वडवणीला चाललं होतं.

तीस वर्षं झाली, लिंगायत वाण्यांच्या घरातलं कुठलं पोर कुठवर शिकलं, कोणाची पोरगी उंच, कोणाच्या घरात सासू जाच करते, हे परळीपासून माजलगावपर्यंत शिवम्माच्या वहीत असायचं. वहीत म्हणायचं एवढंच. तिची शाळा दुसरीत सुटली, वही लिहिली ती आधी नवऱ्यानं, मग सुनेनं. शिवम्माच्या ते सगळं डोक्यात असे. वही लोकांना दाखवायला. गेल्या दिवाळीत नात शिवानीनं त्या वहीची वेबसाइट केली. परळीच्या कॉलेजात ती कम्प्युटर शिकत होती, रोज एस.टी.नं जाऊन येऊन. एका पानावर मुली, एका पानावर मुलं, आणि ज्याचं जमलं त्याच्या फोटोशेजारी लाल अक्षरात "ठरले". वाचायला शिवम्माला वेळ लागे, पण हा एक शब्द तिला खालच्या गल्लीतून ओळखू आला असता. तो वाढला की तिची छाती वाढायची.

घरी कम्प्युटर होता, फोनही होता, पण दोघांचं पटत नव्हतं. त्यांच्या सिरसाळ्याच्या लाइनीवरून इंटरनेट जोडायला गेलं की ते डबडं मान मुरगळलेल्या कोंबड्यासारखं ओरडायचं, दोन मिनिटं जोडायचं आणि तुटायचं. तुटायच्या आत निम्मं पान साइटवर जायचं, निम्मं घरीच. एकदा तर चार दिवस एका पोरीच्या फोटोखाली दुसरीच्या बापाचं नाव होतं, आणि तो बाप घरी भांडायला आला होता. तेव्हापासून शिवानीनं निराळी तऱ्हा धरली. साइटची आख्खी नक्कल घरच्या कम्प्युटरात ठेवायची, इंटरनेटशिवाय तिच्यावरच काम करायचं, आणि गुरुवारी ती पानं फ्लॉपीत घालून परळीला सोमेश्वरच्या सायबर कॅफेत न्यायची. सोमेश्वर शिवम्माचा पुतण्या. गुरुवारी एक कम्प्युटर घरच्यांना मोकळा ठेवायचा. तिथं एक प्रोग्रॅम फ्लॉपीतलं पान आणि साइटवरचं पान समोरासमोर धरायचा आणि दोन्हींतलं जे नवं, ते जुन्यावर चढवायचा. शिवानी त्याला सिंक म्हणायची. शिवम्मा त्याला मिळवणी म्हणायची, आणि आपण म्हणतो तेच बरोबर असं समजायची.

"शिवानी," तिनं हाक मारली. "इकडं ये. तुला म्या रुद्राणीचं 'ठरले' काढायला सांगितलतं."

"काढलंय की आजी. दहा दिवस झाले." शिवानी आतून केस विंचरत आली.

"काढलंय तर अंबाजोगाईला कसं दिसतंय? तिथं काय निराळी साइट लागती?"

शिवानीनं कम्प्युटर लावला. लाइट होती हेच नशीब. मुलींचं पान उघडलं, आणि कंगवा तिच्या हातातच राहिला. रुद्राणीच्या फोटोशेजारी "ठरले" जसंच्या तसं होतं. तेवढंच नाही. गेल्या पंधरवड्यात तिनं बसून बसून भरलेली बावीस नवी नावं, फोटो कापून नीट लावलेले, सगळी गायब. पान गणपतीच्या आधी होतं तसं.

"कुठं गेली?" शिवम्मानं विचारलं.

"माहीत न्हाई."

"बावीस पोरी हायत त्या. शेरडं न्हाईत, वाट चुकायला."

"मागच्या गुरुवारी जाणं झालं न्हाई, म्हणून काल परळीला मिळवणी केली, फ्लॉपी घरी आणली, ह्याच्यात घातली. लाइट जायची वेळ झालती, म्या बघितलंच न्हाई पान."

"म्हंजे परळीला काहीतरी झालं."

शिवानीनं पानाकडं बघितलं, मग पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बघितलं, जिथं घड्याळ आणि तारीख असते. आणि मग ती आजीकडं न बघता विंचरायला आत निघून गेली.

"सोम्यानं केलं," शिवम्मा म्हणाली. "त्याच्याबिगर कोणाचा हात लागतो त्याला? उद्या जाते परळीला. उद्याच्या उद्या."

"आजी, ऐक ना..." आतून आवाज आला.

"तू ऐक. तुझं ऐकून झालं."

आता ह्या तारखेचं सांगितलं पाहिजे, कारण ती युक्ती शिवम्माची होती आणि ह्या पंधरवड्यात तिची ती गल्लीभर सांगून झाली होती.

सत्यभामाबाईंनी निरोप धाडला होता की मन्मथ दसऱ्याच्या आधी साइटवर बघून नावं सांगणार. म्हणजे रुद्राणीचं पान पितृपक्षातच बदलायला हवं होतं. आणि पितृपक्षात शिवम्मानं तीस वर्षांत वही उघडली नव्हती. मुलगा बसवेश म्हणालाही, "माय, आपल्यात कुठं पितर जेवू घालतात?" तर ती म्हणाली, "आपल्यात न्हाई. वहीत हाय." एकदाच, अगदी सुरुवातीला, पक्षात एक नाव लिहिलं होतं, ती पोरगी वर्षात माहेरी परत आली. त्यानंतर वहीचा नेम तो नेम.

मग तिनं शिवानीला विचारलं, "ह्याला तारीख कळती का?"

"कळती. कुठलं पान कवा बदललं, त्याची तारीख पडती प्रत्येक पानावर."

"ती मागं नेता येती?"

"घड्याळ मागं नेलं की तारीखबी मागची पडती."

शिवम्मानं पदर सावरला. वाईट दिवशी गावाला निघायची पाळी आली तर जुनी माणसं काय करायची? आदल्या चांगल्या दिवशी कपड्याची पिशवी शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. प्रस्थान ठेवलं, म्हणजे निघालो ते त्याच दिवशी. पाय मागनं गेले तर गेले. "मग ह्याचंबी प्रस्थान ठेव," ती म्हणाली. "अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवसावर ने आणि तिथंच धर. पक्ष उठेस्तोवर पुढं सरकू देऊ नको."

शिवानी रोज संध्याकाळी कम्प्युटर लावला की आधी तारीख मागं नेई, मग काम करी. शिवम्मा शेजारच्या छबुबाईला सांगे, "इंजिनेरांना न्हाई सुचलं, मला सुचलं." छबुबाई हो म्हणे. तिला कम्प्युटर म्हणजे टी.व्ही.चा भाऊ एवढंच माहीत होतं.

शनिवारी सकाळी आठच्या गाडीनं आजी-नात परळीला निघाल्या. रस्त्याला खड्डे होते, का खड्ड्यांत मधूनमधून रस्ता होता, ह्यावर शिवम्मानं कंडक्टरला ऐकवलं. खिडकी लागत नव्हती, ते ड्रायव्हरला ऐकवलं. शिवानी दोनदा काही बोलायला म्हणून वळली आणि दोनदा खिडकीबाहेर बघू लागली. शिवम्माच्या ते लक्षात आलं, पण ती सोमेश्वरला काय काय बोलायचं त्याची जुळणी करत होती, आणि ती जुळणी मोडायची तिची इच्छा नव्हती.

सायबर कॅफे म्हणजे स्टेशनकडच्या रस्त्याला एक लांबट गाळा. प्लायवूडची सहा खोपटी, प्रत्येकात एक कम्प्युटर, आणि दारातच काउंटरवर एस.टी.डी.चा फोन. सोमेश्वर काउंटरमागं बसून उदबत्ती लावत होता.

"या काकू," तो उठला. "तुमी कशाला तरास घेतला? फोन करायचा. बसा, थंड मागवतो."

"थंड तुझ्या डोक्यावर ओत. माझ्या बावीस पोरी कुठं हायत?"

"कोणच्या पोरी?"

"म्या सगळ्या गावाच्या पोरी जपून ठेवल्या आन तू एका दुपारात खाल्ल्या. आन माझ्या भाच्याच्या पोरीला परत त्या माजलगावच्या गळ्यात बांधलीस. लाल अक्षरात. अंबाजोगाईच्या बाईनं काल मला फोनवर गोड गोड ऐकवलं. माझ्या घरच्या साइटवर माझ्याच घरचं खोटं. कावून केलंस बे हे?"

खोपट्यांतून दोन-तीन डोकी वर आली आणि परत खाली गेली. सोमेश्वरनं उदबत्ती खोचली. तो भांडखोर नव्हता; भांडखोर माणूस शिवम्माच्या घराण्यात एकच होता आणि ती जागा भरलेली होती. त्यानं शिवानीकडून फ्लॉपी घेतली, पहिल्या खोपट्यात शिवम्माला खुर्ची दिली आणि पडद्यावर एक यादी काढली.

"काकू, हे बघा. म्या काही खाल्लं न्हाई. मशीन गुरुवारी काय काय केलं ते लिहून ठेवतंय. ही डावीकडं फ्लॉपी, ही उजवीकडं साइट. मुलींचं पान दोन्हीकडं होतं. साइटवरच्या पानाला म्या पंचवीस तारखेला हात लावलता. माझ्या मेहुणीचा फोन नंबर बदलला, ते हितूनच सरळ साइटवर दुरुस्त केलं. तेवढंच, एक नंबर. म्हणून साइटवरचं पान पंचवीसचं."

"बरं मग? पोरीनं तर परवापर्यंत काम केलंय. तिचं पान त्याच्याहून नवं."

"तिचं पान एकोणीस तारखेचं हाय."

"काय बोलतो? एकोणीसला तर गणपती बसलेलेच होते की. अनंत चतुर्दशीच्या..."

शिवम्मा तिथं थांबली.

सोमेश्वर पुढं बोलत राहिला, कारण त्याला माहीतच नव्हतं. "मशीनला काय कळतं काकू? एकीकडं एकोणीस, एकीकडं पंचवीस. पंचवीस नवं. त्यानं साइटवरचं पान उचललं आन फ्लॉपीतल्या पानावर चढवलं. मग ती फ्लॉपी हिनं घरी नेऊन घरच्या कम्प्युटरात घातली, तिथलंबी गेलं. मला हे कळंना, की हिच्यावाणी शिकलेल्या पोरीच्या कम्प्युटरात तारीख एवढी मागं कशी."

शिवम्मानं नातीकडं बघितलं. शिवानी चपलेच्या अंगठ्याशी काहीतरी बघत होती.

"तुला कवा कळलं?"

"काल. पान बघितलं तवाच."

"मग काल कावून बोलली न्हाईस?"

"तू बोलू देत होतीस का? आन त्याच्या आधी तू छबुआजीला सांगितलतंस, देवळात सांगितलतंस, इंजिनेरांना न्हाई सुचलं म्हणून. मी काय म्हणू?"

"आठच्या गाडीपास्नं हिथवर दीड तास माझ्या शेजारी बसलीस."

"दोनदा तोंड उघडलं. दोनदाबी तू कंडक्टरला बोलत होतीस."

सोमेश्वरला आता उमगू लागलं होतं. त्यानं विचारलं, तारीख कोणी मागं नेली, आणि शिवानीनं प्रस्थानाचं सांगितलं. सोमेश्वर हसला नाही. त्यानं फार कष्टानं हसू दाबलं, आणि ते कष्ट शिवम्माला दिसले, ते हसण्याहून वाईट.

"हस," ती म्हणाली. "एकदा हसून घे आन मोकळा हो. मला पुढचं काम हाय."

पुढचं काम काय, हे तिला तोवर पुरतं कळलेलं नव्हतं. बावीस नावांचं एवढं नव्हतं. कागद घरी पेटीत होते, शिवानीला परत बसावं लागेल, बसेल. पण रुद्राणीचं "ठरले" नुसतं काढून आता भागणार नव्हतं. शिवम्माचा मूळ बेत असा होता की लाल शब्द गुपचूप जाईल, मन्मथ बघेल तेव्हा पान साफ असेल, आणि माजलगावचं नाव कोणाच्या तोंडी येणारच नाही. आता मन्मथनं शब्द बघितला होता. काल ठरलेली पोरगी आज मोकळी दिसली, तर सत्यभामाबाई पहिलं काय विचारतील हे शिवम्माला ठाऊक होतं, कारण त्यांच्या जागी तिनंही तेच विचारलं असतं.

"दुसरं काही सांगता येईल," सोमेश्वर म्हणाला. "सांगा, कम्प्युटर चुकला. दुसऱ्याच पोरीचं तिच्यावर पडलं. सगळे म्हणतात कम्प्युटर चुकला, कोणी उलट तपासत न्हाई."

शिवम्मानं विचार केला. खोटं सोपं होतं आणि तयार होतं. पण उद्या तलवाड्याला कोणी चौकशीला गेलं, तर साखरपुड्याला जेवलेली तीनशे माणसं होती. मग पोरगीही खोटी पडेल आणि वहीही.

"तलवाड्याला लाव," तिनं फोनकडं बोट केलं.

फोन वैजिनाथनं उचलला, दुकानात होता. शिवम्मानं त्याला जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं आणि म्हणाली, "म्या आता खरं काय ते सांगणार हाय त्यांना. आन साइटवरबी लिहिणार. साखरपुडा झालता, मोडला, कशानं मोडला."

तिकडून वैजिनाथचा आवाज इतका वाढला की सोमेश्वरनंही ऐकला. "आत्या, तुमच्या पाया पडतो, लिहू नका. मोडलेलं कोणी फळ्यावर लिहितं का? माझी पोरगी हाय, शाळेत पोरं शिकवती. बंगळूरपास्नं अमेरिकेपातूर दिसतंय म्हणता ते."

"मग काय करू? कम्प्युटर चुकला म्हणू?"

"म्हणा."

"आन उद्या कळल्यावर?"

फोनवर खरखर झाली, आणि रुद्राणीचा आवाज आला. शनिवारी शाळा लवकर सुटायची, नुकतीच आली असावी. धाप लागली होती.

"आजी, काय लिहिणार हायत?"

शिवम्मानं सांगितलं. सांगताना तिचा आवाज उगाच चढला, कारण त्यात तिला "चूक माझीच हाय, तारीख म्या मागं नेली" हेही सांगावं लागलं, आणि हे शब्द तिच्या तोंडाला सवयीचे नव्हते.

"लिहा," रुद्राणी म्हणाली. "पर पुरतं लिहा. नोकरी सोडणार न्हाई म्हणून मोडलं, आन अजूनबी सोडणार न्हाई, हे लिहा. नसता परत साडी आणतेल आन परत नेतेल. मला त्या साड्यांचा वैताग आलाय."

"तुझा बाप न्हाई म्हणतोय."

"बाप शेजारी उभा हाय. बोलंना झालाय. तुमी लिहा."

शिवम्मानं फोन ठेवला. मनातल्या मनात तिनं पोरीला दोन शिव्या दिल्या. असलं तोंड घेऊन सासरी नांदायचं कसं. आणि मग तिला हेही जाणवलं की आपण हिच्या वयाच्या असताना आपलं तोंड हिच्याहून तिखट होतं, आणि नांदलो. कसं नांदलो ते नवऱ्यालाच माहीत.

"बस," ती शिवानीला म्हणाली. "घरी न्हाई, फ्लॉपीत न्हाई. हितं, सरळ साइटवर कर."

"आजी, उद्या सर्वपित्री हाय. पक्ष उठला न्हाई अजून."

"मला पंचांग शिकवती? सत्यभामाबाई उद्या वडवणीला फोन करणार हायत. पक्ष काय त्यांच्या फोनला आडवा पडणार हाय?"

शिवानी बसली. शिवम्मा खुर्ची ओढून तिच्या खांद्याशी बसली आणि सांगू लागली; शिवानी लिहिलेलं वाचून दाखवू लागली. पहिल्यांदा लिहिलेलं शिवम्माला फार मऊ वाटलं. "'काही कारणास्तव' काढ. 'काही कारणास्तव' वाचलं की माणूस वाईटातलं वाईट कारण धरतो." दुसऱ्यांदा लिहिलेलं फार कडक झालं, त्यात माजलगावकरांच्या आईचं वर्णन आलं होतं, तेही काढलं. शेवटी फोटोशेजारच्या लाल शब्दाच्या जागी साध्या काळ्या अक्षरात राहिलं ते असं: "साखरपुडा झाला होता. मुलीनं शाळेतली नोकरी सोडावी ही मुलाकडची अट तिनं मानली नाही, म्हणून मोडला. मुलगी लग्नानंतरही नोकरी करील. ज्यांना चालेल त्यांनीच विचारावं."

"शेवटचं वाक्य उद्धट वाटतंय," सोमेश्वर म्हणाला.

"वाटू दे. पान माझं हाय."

मग तिनं अंबाजोगाईला फोन लावायला सांगितला. सत्यभामाबाई घरीच होत्या. शिवम्मानं प्रस्तावना केली नाही. रुद्राणीचं ठरलेलं नाही, मोडलंय. साइटवर जुनं राहिलं ती चूक माझी. मोडलं कशानं ते असं असं. एका दमात सांगून टाकलं, औषध गिळल्यासारखं.

"अगं बाई," सत्यभामाबाई म्हणाल्या. आवाजातली साखर जागची हलली नव्हती. "एवढं सगळं झालं आन आमाला कोणी बोललं न्हाई. मोडलं कवा?"

"श्रावणात."

"आन तुमी आमाला फोटो दाखवला भादव्यात."

"भादव्यात."

"मग तवाच सांगायचं ना मावशी. म्या काय खाल्लं असतं का तुमाला?"

शिवम्माला पुष्कळ बोलता आलं असतं. तिला सत्यभामाबाईंच्या थोरल्या सुनेचं माहीत होतं, आणि ती दोन वर्षं माहेरी का जाऊन बसली होती तेही माहीत होतं. ते सगळं ओठाशी आलं. तिनं गिळलं. "सांगायला पाहिजे होतं," ती म्हणाली.

"पोराच्या आईच्या तोंडावर म्हणली का पोरगी? सोडणार न्हाई म्हणून?"

"तोंडावर."

"लई धिटाई." ह्यात कौतुक होतं का नावं ठेवणं, ते तारेवरून कळलं नाही. "बघा मावशी, माझं सांगणं मन्मथ धरत न्हाई. त्याला पडद्यावर दिसलं तरच खरं. आज शनिवार, दुपारी तो हापिसात हेच उद्योग करत बसतोय. त्याला बघायला सांगते. तो काय म्हणतोय ते कळवते. पर वडवणीचं काही म्या थांबवत न्हाई हां. त्याला ती बघायचीच असली तर आधी ती बघू."

"बघा," शिवम्मा म्हणाली. दुसऱ्या नंबरावर थांबायची वेळ तिच्या वहीतल्या पोरीवर कधी आली नव्हती.

घरी पोचेपर्यंत चार वाजले. येताना कंडक्टर तोच होता, त्यानं दबकत तिकीट दिलं. शिवम्मानं त्याला काहीच म्हटलं नाही, तेव्हा तो आणखीच दबकला. घरी येऊन तिनं चहा घेतला, गार झालाय म्हणून परत करायला लावला, मग तोही ठेवून दिला. फोन वाजला की उचलू नये आणि वाजला नाही की उठून रिसीव्हर नीट बसलाय का बघावं, असं तिचं चाललं होतं. बसवेश म्हणाला, माय, जरा टेक. तिनं त्याला दुकानात जायला सांगितलं.

साडेपाचला फोन आला.

"मावशी," सत्यभामाबाई. "मन्मथनं बघितलं. दोनदा वाचलं म्हणं. वडवणीचं त्यानं राहू द्या सांगितलं."

शिवम्मा खुर्चीवर बसली.

"पर एक भलतंच काढलंय त्यानं," सत्यभामाबाई पुढं म्हणाल्या, आणि आज पहिल्यांदा त्यांच्या आवाजातली साखर थोडी विरघळली. "म्हणतोय, आधी मी पोरीशी बोलणार. फोनवर. मग यायचं का न्हाई ते ठरवू. म्या म्हणलं, अरे, आमच्या घरात असलं कधी झालं न्हाई. बघायला जायचं, पोहे खायचे, पोरीला दोन प्रश्न विचारायचे. तर म्हणतोय, प्रश्न तिनं मला विचारावेत. आता तुमीच सांगा."

"बोलणार म्हंजे? बापासमोर?"

"एकट्यानं म्हणतोय."

"असलं काही आमच्याकडं चालत न्हाई," शिवम्मा म्हणाली. तीस वर्षांत तिनं कुठल्या पोरीचा फोन नंबर कुठल्या पोराच्या हातात दिला नव्हता; जे जायचं ते तिच्या तोंडून जायचं, तिच्या तोंडून यायचं. मधली माणसंच नकोत तर वही कशाला आणि शिवम्मा कशाला?

"म्याबी तेच म्हणलं," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मग राहू द्यायचं का?"

दोघींना एकमेकींचा राग आलेला होता, आणि त्या क्षणी दोघींना एकमेकींशिवाय तो सांगायला दुसरं कोणी नव्हतं.

"लिहून घ्या," शिवम्मा म्हणाली. "दुकानाचा नंबर हाय. सकाळी शाळा असती तिची, दुपारी दोननंतर करायला सांगा. आन बाप उचलील, त्याला सांगावं, सिरसाळ्याच्या आत्यानं नंबर दिलाय. नसता तो ठेवून देईल."

तिनं एकेक आकडा सांगितला, दात उपटून दिल्यासारखा, आणि सत्यभामाबाईंनी परत म्हणून दाखवला तेव्हा मधला एक चुकला होता तो दुरुस्त केला.